अपराजित हंगाम

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान उभे राहते आणि ओठांवर ध्यानचंदांचे नाव येते. १९३२ साली लॉस एंजलिस येथे भारतीय संघाने यजमान अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळविला, हे क्रीडाप्रेमी वाचकांस ठाऊक आहेच. त्याच वर्षाच्या आरंभी, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड या डोंगरी गावी हिवाळी ऑलिंपिक भरले होते. त्या निमित्ताने तेथे बांधलेल्या बर्फाच्या क्रीडागृहात पुढे १९७० साली कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जो पराक्रम केला, त्याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहो.

बर्फावरची हॉकी आपल्या हॉकीची दूरची नातेवाईक खरी. पण स्वभाव निराळा. एका बाजूस सहाच खेळाडू. पायांत पोलादी पाती लावलेले बूट. चेंडूऐवजी रबराची कठीण चकती. भोवती लाकडी कठडा. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग इतका की खेळाडू थोड्याच वेळात दमतो आणि खेळ चालू असतानाच त्याच्या जागी दुसरा उतरतो. अशा खेळात गोलरक्षकाचे महत्त्व किती असेल, हे सांगावयास नको.

कॉर्नेल हे कायुगा सरोवराकाठच्या इथाका गावातील विद्यापीठ. १९६३ साली तेथे नेड हार्कनेस हे प्रशिक्षक म्हणून आले. जन्माने ते कॅनडाचे. १९५४ साली रेन्सेलीर या तंत्रशिक्षणसंस्थेस त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले होते. कॉर्नेल ज्या विद्यापीठगटात मोडते, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची प्रथा नाही. तरीही हार्कनेस यांनी कॅनडातून होतकरू मुले आणली आणि १९६७ साली बॉस्टन विद्यापीठावर ४–१ अशी मात करून राष्ट्रीय अजिंक्यपद इथाकास नेले.

त्या संघाचा गोलरक्षक होता केन ड्रायडन. तीन हंगामांत ७६ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी, हा त्याचा हिशेब. तथापि असा रक्षक असूनही १९६८ साली उपांत्य सामन्यात नॉर्थ डकोटाने आणि १९६९ साली अंतिम सामन्यात डेन्व्हरने कॉर्नेलला रोखले. डेन्व्हरशी झालेला सामना ४–३ असा, एकाच गोलाने गेला. त्यानंतर ड्रायडन पदवी घेऊन बाहेर पडला. आता कॉर्नेलचे दिवस भरले, असे कोणासही वाटले असते.

त्याच्या जागी ब्रायन क्रॉपर उभा राहिला. ड्रायडन उंचापुरा, तर हा अंगाने अगदी लहानखुरा. परंतु १९६९–७० च्या हंगामात संघ एकामागून एक सामने जिंकीत गेला. हे सारे विजय दणदणीत होते, असे मात्र कोणी समजू नये. पूर्वेकडील महाविद्यालयांच्या स्पर्धेचा अंतिम सामना बॉस्टन येथे झाला. त्यात क्लार्कसनवर ३–२ अशी निसटती सरशी झाली. लेक प्लॅसिडच्या उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनवर २–१. कोठेही एक चकती इकडची तिकडे झाली असती, तर आज हे लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते.

अंतिम सामन्यात समोर पुन्हा क्लार्कसनच. दोन डाव संपले तेव्हा गोल ३–३ असे बरोबरीत होते. तिसऱ्या डावात डॅन लोडबोआ याने लागोपाठ तीन गोल केले. लोडबोआ हा मूळचा आघाडीचा गडी. हार्कनेस यांनी त्यास बचावाच्या फळीत आणले होते. त्या मागच्या जागेवरूनच त्याने हा सामना जिंकून दिला. क्लार्कसनला आणखी एक गोल करता आला आणि सामना ६–४ असा संपला. २९ सामने, २९ विजय. पराभव नाही, बरोबरीही नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष हॉकीच्या सर्वोच्च श्रेणीत असे निष्कलंक अजिंक्यपद दुसऱ्या कोणत्याही संघास साधलेले नाही.

येथपर्यंतचा इतिहास ऐकून वाचक म्हणतील, कोणावाचून कोणाचे अडत नाही, हेच खरे. परंतु पुढचा भाग इतका सरळ नाही. त्याच वर्षी हार्कनेस डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले. विद्यार्थ्यांना लावलेली शिस्त पगारी खेळाडूंस मानवली नाही. जानेवारी १९७१ मध्ये त्यांच्या संघाचा टोरंटोने १३–० असा धुव्वा उडविला आणि लवकरच त्यांचे प्रशिक्षकपद गेले. इकडे कॉर्नेलची धुरा त्यांचाच शिष्य डिक बर्ट्रंड याने घेतली. १९७२ साली संघ पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण बॉस्टन विद्यापीठाकडून ४–० असा हरला. १९७० नंतर राष्ट्रीय अजिंक्यपद कॉर्नेलकडे परत आलेले नाही. ड्रायडन मात्र माँट्रिऑलच्या व्यावसायिक संघात जाऊन अधिकच मोठा झाला.

मुलूख सोडून नोकरीच्या गावी राहणाऱ्या आम्हां मंडळींस ही कथा परकी वाटू नये. बदलीचा हुकूम आला की मागे कचेरीचे कसे होणार, याची काळजी जाणाऱ्यास वाटते. आणि महिन्याभरात नवा मनुष्य त्याच खुर्चीत बसून कागद निकालात काढू लागतो. क्रॉपरने तेच केले. परंतु खुर्चीवरचा मनुष्य निराळा आणि कामाची रीत घालून देणारा निराळा. अशाची जागा भरली, तरी उणीव काही काळ भासत राहते. आणि त्याचे गुण नव्या ठिकाणी तसेच फळतील, याचा भरवसा नसतो. इथाकात जे झाड बहरले, ते डेट्रॉइटच्या मातीत धरले नाही. मनुष्य आणि स्थळ यांचा योग जुळून यावा लागतो. लेक प्लॅसिडच्या त्या हंगामात तो जुळला होता.