रणभूमीवरील रेखाटने, एकोणिसाव्या शतकातील

सचित्र वृत्तपत्रांसाठी किंवा प्रकाशकांसाठी सैन्याबरोबर राहून चित्रकारांनी केलेली युद्धप्रसंगांची शीघ्र रेखाटने. विजयाची भव्य तैलचित्रे सामान्यतः युद्धानंतर राजाश्रयाने रंगविली जात. ही रेखाटने मात्र बातमीच्या गरजेतून निर्माण झाली. लंडनमध्ये द इलस्ट्रेटेड लंडन न्यूज (१८४२) आणि अमेरिकेत फ्रँक लेस्लीज इलस्ट्रेटेड न्यूजपेपर (१८५५) व हार्पर्स वीकली (१८५७) ही साप्ताहिके निघाल्यावर अशा चित्रांची मागणी वाढली.

त्या काळी छायाचित्रण उपलब्ध होते. परंतु कलोडियनचा लेप दिलेली काच ओली असतानाच वापरावी लागे आणि छायाचित्र घेण्यास काही सेकंद लागत. त्यामुळे रॉजर फेंटनने १८५५ मध्ये क्रिमियात छावण्या, सैनिक व भूप्रदेश टिपले; प्रत्यक्ष लढाई त्याला टिपता आली नाही. शिवाय छायाचित्र मजकुराबरोबर छापण्याची सोयही नव्हती. रणभूमीवरून आलेले रेखाटन कार्यालयातील चित्रकार काष्ठठशावर उलटे उतरवीत. मोठा ठसा लहान ठोकळे जोडून केलेला असे. हे ठोकळे सुटे करून निरनिराळ्या कारागिरांकडून कोरून घेत व पुन्हा जोडीत. वाचकासमोर येई ते मूळ रेखाटन नव्हे, तर त्याचे अनेक हातांतून गेलेले रूपांतर होय.

रेखाटनकार नेहमीच प्रत्यक्षदर्शी असे, असेही नाही. स्कॉटिश चित्रकार विल्यम सिम्पसन (१८२३–९९) क्रिमियात पोहोचला तो नोव्हेंबर १८५४ मध्ये; बॅलाक्लाव्हा येथील हलक्या घोडदळाची प्रसिद्ध चढाई त्यापूर्वीच, २५ ऑक्टोबर रोजी, झाली होती. रणभूमीची पाहणी करून व सहभागी सैनिकांच्या कथनांवरून त्याने ती रेखाटली. दलाचा सेनापती लॉर्ड कार्डिगन याने आधीची रेखाटने नापसंत केली. स्वतः दलाच्या अग्रभागी ठळकपणे दिसू लागल्यावरच त्याचे समाधान झाले, असे सिम्पसनने आत्मचरित्रात नमूद केले आहे. १८५७ च्या उठावाशी संबंधित स्थळे चित्रित करण्यासाठी तो १८५९ मध्ये भारतात आला. तेथेही त्याचे काम घटनेनंतरचेच होते.

याउलट अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) ॲल्फ्रेड वॉड (१८२८–९१) हा हार्पर्स वीकलीचा चित्रकार सैन्याबरोबरच वावरला. गेटिझबर्गची लढाई (१८६३) त्याने पाहून रेखाटली. मे १८६४ मध्ये व्हर्जिनियातील विल्डरनेसच्या लढाईत जंगलाला आग लागली. जखमींना ज्वाळांतून बाहेर काढणाऱ्या सैनिकांचे त्याचे रेखाटन जूनमध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाचा हा चेहरा तत्कालीन छायाचित्रकाराच्या आवाक्याबाहेरचा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन ठशांचा प्रसार झाला, सुटसुटीत कॅमेरे आले आणि या चित्रकारांचे महत्त्व घटले. वॉडच्या रेखाटनांचा मोठा संग्रह १९१९ मध्ये जे. पी. मॉर्गन यांच्या देणगीतून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाला. त्यामुळे मूळ रेखाटने व छापील चित्रे यांची तुलना शक्य झाली आहे. इतिहासाचे साधन म्हणून अशी चित्रे वापरताना चित्रकार घटनास्थळी होता काय, चित्र कोणाच्या पसंतीस उतरावयाचे होते आणि कोरणाऱ्याने त्यात कोणते बदल केले, हे तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.