सायकलीच्या सांगाड्यातील पोलाद

मापानुसार बांधलेल्या शर्यतीच्या सायकलींच्या इतिहासात १९३५ साली बर्मिंगहॅम येथे निघालेल्या ‘रेनॉल्ड्स ५३१’ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादास अग्रपूजेचा मान मिळतो. तो सर्वस्वी न्याय्य नव्हे. नळी टोकांशी जाड व मध्ये पातळ ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ सालीच घेतले होते. पितळेने झाळतानाची उष्णता आणि वाकविणारा ताण सांध्यांपाशीच अधिक. मधला जादा धातू म्हणजे निव्वळ ओझे. नव्या मिश्रधातूने ताठरता वाढली नाही. ती सर्व पोलादांत जवळजवळ सारखीच असते. वाढले ते बळ, आणि म्हणून भिंत आणखी पातळ करता आली. उंच स्वारासाठी लांबविलेला सांगाडा ताठ ठेवावयाचा तर कारागिरास जाड भिंतीची किंवा मोठ्या व्यासाची नळीच निवडावी लागे. ५३१ ची मुद्रा तेथे उपयोगी पडत नसे.