आयझॅक वुडर्डचे डोळे

लढाईत जखमी झालेल्या शिपायाची आठवण सरकार ठेवतं. बिल्ला देतं, दगडावर नाव कोरतं. पण लढाई संपवून घराकडं निघालेल्या शिपायाला त्याच्याच देशाच्या पोलिसानं आंधळं केलं, तर आठवण कुणी ठेवायची? आयझॅक वुडर्डची आठवण त्याच्याच माणसांनी ठेवली. म्हणून दोस्तांनो, हा इतिहास आपणही पाठ केला पाहिजे.

वुडर्डचा जन्म १९१९ चा, अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनाचा. घर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांचं. १९४२ साली तो फौजेत गेला. काळ्यांच्या पलटणी वेगळ्या, आणि त्यांच्या वाट्याला बंदुकीपेक्षा ओझंच जास्त. पॅसिफिकच्या आघाडीवर तो गोळीबारात जहाजांवरचा माल उतरवत होता. सार्जंट झाला.

१२ फेब्रुवारी १९४६ ला जॉर्जियातल्या छावणीतून तो सन्मानानं सुटला. अंगावर वर्दी तशीच. बसनं बायकोकडं निघाला. वाटेत लघवीला उतरायचं म्हणाला, तर ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. वुडर्डनं उलट बजावलं, माणसाशी बोलतोस तसं बोल. झालं! बेट्सबर्ग गावी ड्रायव्हरनं पोलीस बोलावले. वुडर्डच्या जबानीप्रमाणं, गावचा पोलीसप्रमुख लिनवुड शल यानं काहीतरी विचारलं आणि यानं नुसतं 'होय' म्हटलं. 'होय साहेब' म्हटलं न्हाई. त्यावरून मार बसला. दंडुक्यानं दोन्ही डोळे फुटले. सकाळी त्याच आंधळ्याला कोर्टात उभं करून दारू पिऊन दंगा केल्याबद्दल ५० डॉलर दंड ठोठावला!

'साहेब' न म्हटल्याची किंमत काय असते, हे जोहार घालणाऱ्यांच्या नातवंडांना समजावून सांगायला नको.

पुढं बहिणी त्याला न्यूयॉर्कला घेऊन गेल्या. बायकोचा संसार मोडला. डोळे गेले ते फौजेतून सुटल्यावर काही तासांनी, म्हणून सरकारनं सुरुवातीला पुरी पेन्शनही दिली न्हाई. पण काळ्यांची संघटना 'एनएएसीपी' गप्प बसली नाही. तिनं त्याची प्रतिज्ञापत्रावरची जबानी घेतली. ऑर्सन वेल्स या नटानं रेडिओवरून हे प्रकरण आठवड्यामागून आठवडे लावून धरलं. नोव्हेंबरात खटला उभा राहिला. मारलं हे शलनं कबूल केलं, पण स्वसंरक्षणासाठी म्हणाला. ज्युरी सगळी गोरी. अर्ध्या तासाच्या आत तो सुटला.

तरी प्रकरण तिथं थांबलं नाही. सप्टेंबर १९४६ मध्ये संघटनेच्या वॉल्टर व्हाइट यांनी अध्यक्ष ट्रूमन यांना हे सांगितलं होतं. डिसेंबरात नागरी हक्कांची समिती नेमली गेली. २६ जुलै १९४८ ला फौजेतल्या समान वागणुकीचा हुकूम निघाला. खटला चालवणारे गोरे न्यायाधीश वेरिंग यांनी १९५१ साली काळ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध निकालपत्र लिहिलं. ते अल्पमताचं होतं, पण १९५४ ला सर्वोच्च न्यायालय त्याच बाजूला आलं.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून विचारलं होतं, की अमेरिकेतले काळे संयुक्त राष्ट्रांकडं जो अर्ज करतायत त्याची प्रत मिळेल का. आपल्याकडंही फौजेचं दार सन्मानाचं दार होतं. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ती उघडा म्हणून अर्ज केला. १९१७ ला पलटण उभी राहिली, १९२१ ला मोडली. पुन्हा उभी राहिली ती १९४१ लाच. लढाईपुरता शिपाई, लढाई संपली की अस्पृश्य!

वुडर्ड १९९२ साली वारला. दंगा केल्याचा शिक्का त्याच्या नावावरून २०१८ मध्ये पुसला गेला. म्हणजे मेल्यावर २६ वर्षांनी. पुसता आला, कारण कागद शिल्लक होता आणि तो धरून ठेवणारी माणसं होती.

आपल्या वस्तीतल्या जुन्या शिपायांच्या पेट्या अजून कुठल्या ना कुठल्या माळ्यावर पडल्यात. त्यात डिस्चार्जचे कागद, पेन्शनचे नकार, नाकारलेल्या जमिनीचे अर्ज असतील. वाळवीच्या आधी आपण तिथं पोचलं पाहिजे. वही घ्या. नाव, गाव, पलटण, जखम, आणि घरी आल्यावर गावानं कसं वागवलं ते लिहून घ्या. त्याच्या बायकोला काय भोगावं लागलं, तेही.