भंडारदरा परिसरातील मुंग्या
अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगररानांत आढळणारा कीटकसमूह. हा मुलूख 1986 मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याशी निगडित आहे. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणापासून कळसूबाईच्या 1,646 मी. उंच माथ्यापर्यंत चढ सुमारे 900 मी.चा. उष्ण कटिबंधीय डोंगरांत उंचीबरोबर गारवा वाढतो तशा मुंग्यांच्या जाती सहसा घटत जातात. पण जमिनीचा अंतर्भाग, पाचोळा आणि झाडांचे शेंडे यांतील फरकही तेवढाच महत्त्वाचा असतो.

यांतली सर्वांत देखणी कारागीर क्रेमॅटोगॅस्टर प्रजातीची मुंगी. चावलेल्या वनस्पतिजन्य मालाचे तपकिरी, फांदीला चिकटलेले घरटे ती बांधते. छपराच्या कौलांसारखे एकावर एक थर असल्याने पावसाचे पाणी ओघळून जाते. डिवचल्यास हृदयाच्या आकाराचे पोट पाठीवर उलटवते. याच घरट्यात तांबूस सुतार पक्षी पोखरून अंडी घालतो, हे नवल! निसर्ग अभ्यासक डब्ल्यू. एच. साइक्स यांनी 1835 मध्ये दख्खनमधील अशा मुंगीचे वर्णन केले. फेडोल प्रजातीची धान्य साठवणारी मुंगीही त्यांनीच नोंदवली. ती पावसात भिजलेले गवताचे दाणे बिळाबाहेर उन्हात वाळत घालते.

मोठे काळे मुंगळे मात्र मावा या किडीच्या गोड स्रावासाठी झाडांवर राबतात. साइक्स यांच्यानंतर मुंबई इलाख्यातील वनाधिकारी आर. सी. रॉटन यांचे मुंग्यांवरील लेखन 1892 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले.