ठिपक्यांची शहरे

१९८४च्या २४ जानेवारीला ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश बाजारात आला. त्याच्यासोबत मॅकराइट नावाचा लेखनासाठीचा प्रोग्राम मिळत असे, आणि त्यात ‘फॉन्ट’ नावाची एक यादी होती. यादी उघडली की शहरांची नावे दिसत: न्यूयॉर्क, जिनिव्हा, लंडन, व्हेनिस, अथेन्स. एखादे शहर निवडावे आणि आपण लिहिलेला मजकूर डोळ्यांदेखत त्या वळणात बदललेला पाहावा, हा अनुभव घरी संगणक वापरणाऱ्या बहुतेकांना पूर्णपणे नवा होता.

किती नवा, हे कळण्यासाठी सात वर्षे मागे जायला हवे. १९७७च्या ॲपल-२वर एका ओळीत चाळीस अक्षरे मावत आणि तीही सगळी कॅपिटल. प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, त्यामुळे ‘आय’लाही ‘डब्ल्यू’एवढीच जागा. अक्षरांचे आकार चिपमध्येच कायमचे बसवलेले असत. पडद्याबाहेरच्या जगातही वेगळे काही नव्हते. पत्रिकेवर कोणते वळण वापरायचे हे छापखान्यात खिळे जुळवणारा ठरवी, आणि गिऱ्हाईक फार तर नमुन्याच्या वहीवर बोट ठेवी.

मॅकिन्टॉशच्या अक्षरांमागे सुझन केअर ही चित्रकार होती. कलेत डॉक्टरेट मिळवून ती शिल्पकामात रमली होती. शाळेपासूनचा मित्र अँडी हर्ट्झफेल्ड मॅकिन्टॉशच्या चमूत होता, त्याने तिला बोलावून घेतले. संगणकावर चित्र काढण्याचा तिला काहीही अनुभव नव्हता. तिने चौकटींच्या कागदाची वही विकत घेतली आणि एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, असे धरून पेन्सिलीने चौकटी भरायला सुरुवात केली.

पडदा नऊ इंची होता. आडवे ५१२ ठिपके, उभे ३४२. ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. मधली करडी छटा नाहीच. एवढ्याशा जागेत वाकडी किंवा तिरकी रेघ काढली की तिच्या कडांना पायऱ्या दिसत. मेनूसाठी आखलेल्या शिकागो या फॉन्टमध्ये केअरने यावर सरळ तोडगा काढला: रेघा फक्त उभ्या, आडव्या किंवा बरोबर पंचेचाळीस अंशांत. उभ्या रेघा दोन ठिपके जाड ठेवल्या. त्यामुळे मेनूतला एखादा पर्याय बंद आहे हे दाखवण्यासाठी एकाआड एक ठिपका पुसून अक्षर फिके केले, तरी ते वाचता येई. माध्यमाची मर्यादा इतकी नेमकी ओळखून केलेले काम अक्षररचनेच्या इतिहासात फार थोडे आहे.

शहरांच्या नावांचीही एक हकीकत आहे. केअर आणि हर्ट्झफेल्ड दोघेही फिलाडेल्फियाच्या परिसरात वाढलेले. त्यांनी आधी तिथल्या पाओली लोकलच्या स्टेशनांची नावे दिली होती: ओव्हरब्रुक, मेरियन, आर्डमोर, रोझमॉन्ट. स्टीव्ह जॉब्झला शहरांची कल्पना आवडली, पण कोणी ऐकलेलीही नाहीत अशी गावे नकोत, जगातली मोठी शहरे हवीत, असा त्याचा आग्रह होता. त्याला अक्षरांची ओढ जुनी होती. रीड कॉलेज सोडल्यानंतरही तो तिथल्या सुलेखनाच्या वर्गात बसत असे, आणि मॅकच्या अक्षरांचे मूळ त्या वर्गात आहे असे त्याने २००५मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितले.

यादीतली खरी गंमत सजावटीच्या फॉन्टांत होती. लंडन जुन्या युरोपीय पोथ्यांसारखा काळाभोर, टोकदार. व्हेनिस बोरूने लिहिल्यासारखा तिरपा. तो चमूतल्याच बिल ॲटकिन्सनने केला. लॉस एंजेलिस हाताने भराभर लिहिल्यासारखा. सॅन फ्रान्सिस्कोतले प्रत्येक अक्षर वेगळ्या वर्तमानपत्रातून कापून चिकटवल्यासारखे, खंडणीखोराच्या चिठ्ठीची आठवण करून देणारे. कैरोमध्ये तर अक्षरे नव्हतीच, फक्त चित्रे होती. कोणत्या कळीला कोणते चित्र येते हे सगळ्या कळा दाबूनच शोधावे लागे. ‘झेड’ची कळ दाबली की कुत्रा की गाय हे ठरवता न येणारा एक ठिपकेदार प्राणी उमटे. पुढे तो ॲपलच्या छपाईच्या खिडकीत कागदाची दिशा दाखवायला उभा राहिला आणि ‘डॉगकाऊ’ म्हणून प्रसिद्ध झाला.

हे फॉन्ट संगणकात बसवणे मात्र चिकाटीचे काम होते.

मूळ मॅकमध्ये हार्ड डिस्क नव्हती. मेमरी १२८ किलोबाइट, फ्लॉपी ४०० किलोबाइटची. तिच्यातच संगणक चालवणारी सिस्टिम, लिहिण्याचा प्रोग्राम आणि स्वतःची पत्रे हे सारे मावायला हवे. फॉन्ट सिस्टिमच्या फाइलीतच राहत, त्यामुळे आणखी एक फॉन्ट म्हणजे स्वतःच्या मजकुराला तेवढी जागा कमी. फॉन्ट आत-बाहेर करण्यासाठी फॉन्ट मूव्हर नावाचा वेगळा प्रोग्राम होता. त्यात दोन याद्या शेजारी शेजारी: एका बाजूला सिस्टिममधले फॉन्ट, दुसऱ्या बाजूला फाइलीत ठेवलेले. हवा तो निवडून इकडून तिकडे न्यायचा. शिकागोसारखे काही फॉन्ट संगणकाला स्वतःलाच लागत, ते काढता येत नसत. एकच ड्राइव्ह असलेल्या घरात तर यंत्र फ्लॉपी बाहेर टाकी, दुसरी मागे, ती घालताच पुन्हा पहिली मागे. लंडन हवा असेल तर अथेन्सला निरोप द्यायचा, अशी निवड लोक खरोखर करत.

एवढे करूनही आकाराची अडचण उरे. हे फॉन्ट रेघांच्या गणितावर बेतलेले नव्हते. प्रत्येक आकारासाठी ठिपके वेगळे मांडावे लागत. लंडन फक्त १८ पॉइंटात मिळे, व्हेनिस फक्त १४मध्ये. मेनूत जे आकार पोकळ अक्षरांत दिसत ते खरोखर काढलेले. बाकीचे संगणक ताणून किंवा दाबून बनवी, आणि मग कडा करवतीसारख्या दिसत. इमेजरायटर या प्रिंटरवर सर्वांत चांगली छपाई हवी असेल तर यंत्र दुप्पट आकाराचे ठिपके घेऊन ते निम्म्यावर आणी. बारा पॉइंटाचा न्यूयॉर्क सुबक छापायचा तर चोवीसचा न्यूयॉर्कही फ्लॉपीत हवा. हे गणित माहीत असलेल्या माणसाची पत्रिका शेजाऱ्याच्या पत्रिकेपेक्षा चांगली दिसे.

दुसरा घोळ अधिक खोलवरचा होता. दस्तऐवजात फॉन्टचे नाव नसे, फक्त ० ते २५५मधला एक क्रमांक असे. हौशी लोक स्वतः फॉन्ट बनवू लागले, ते फ्लॉप्यांवरून हातोहात फिरू लागले आणि हे क्रमांक पुरेनात. दोन फॉन्टांचा क्रमांक एकच निघाला की बसवताना एकाचा बदलला जाई. आपण पोथीच्या वळणात लिहिलेले निमंत्रण मित्राच्या मॅकवर भलत्याच रूपात उघडे.

मार्च १९८५मध्ये लेझररायटर हा नवा प्रिंटर आला: इंचाला ३०० ठिपके, किंमत ६,९९५ डॉलर, म्हणजे मॅकच्या २,४९५ डॉलरच्या अडीचपटीहून जास्त. त्यात टाइम्स आणि हेल्व्हेटिका रेघांच्या रूपात होते. न्यूयॉर्कच्या जागी टाइम्स, जिनिव्हाच्या जागी हेल्व्हेटिका अशी अदलाबदल तो आपोआप करी. लंडन आणि व्हेनिसला असा वारस नव्हता. १९९१मध्ये रेघांवर बेतलेले ट्रूटाइप फॉन्ट आले आणि ठिपक्यांच्या फॉन्टांची गरज संपत गेली.

मुद्रणक्षेत्रातल्या जाणत्यांनी या काळाला नाके मुरडली. एका पानावर सहा फॉन्ट, त्यांना छाया, पोकळ कडा, वर जाड. अशी पाने खूप निघाली हे खरे. पण ती नवशिक्यांची पाने होती, आणि नवशिक्यांना अक्षराकडे निरखून बघायला त्याआधी कोणी बोलावलेच नव्हते. या खेळातून खरे कामही उभे राहिले. कॅलिफोर्नियात ‘एमिग्रे’ नियतकालिकासाठी झुझाना लिच्को हिने १९८५मध्ये मॅकवर एम्परर आणि ओकलँड हे ठिपक्यांचे फॉन्ट केले. ठिपके लपवण्याऐवजी तिने तेच अक्षराचे सौंदर्य मानले. २०११मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ओकलँड आपल्या संग्रहात घेतला, आणि २०१५मध्ये केअरच्या चौकटींच्या वहीतली रेखाटनेही. शिकागोही टिकून राहिला: २००१च्या पहिल्या आयपॉडच्या छोट्या पडद्यावर तोच होता.

महाराष्ट्रात हीच कथा सुमारे दहा वर्षांनी, विंडोजवर घडली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे फॉन्ट, आकृती यांनी मराठी घरांना आणि डीटीपीच्या दुकानांना वळणे निवडण्याची मुभा दिली. पण प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तिथे मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गुंताडा दिसे, म्हणून फ्लॉपीत मजकुराबरोबर फॉन्टही द्यावा लागे. अक्षरांची सामायिक मांडणी ठरवणारे युनिकोड आणि विंडोज २००० यांच्या जोडीने कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट आला, तेव्हा कुठे मजकूर फॉन्टच्या तावडीतून सुटू लागला.

त्या वर्षांतल्या फाइली अजूनही अनेकांकडे पडून असतील: कौटुंबिक पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, गावाचे इतिहास, कधीच न छापलेली हस्तलिखिते. त्या युनिकोडमध्ये करून घ्याव्यात, आणि ज्या फॉन्टमध्ये त्या लिहिल्या होत्या त्याची फाइलही सोबत जपून ठेवावी. मजकूर नंतरही टंकता येतो. तो मूळ कसा दिसत होता, हे त्या छोट्या फाइलीशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.