ग्रिनिचच्या वाड्यातली मुंबई

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या नावावर जमीन झाली, तेव्हा कन्व्हेअन्सचा दस्त मी हौसेने वाचायला घेतला. मध्यावर एक अर्धं पान भरेल एवढं वाक्य होतं. जमिनीबरोबर तिच्यावरची झाडं, कुंपणं, खंदक, वाटा, विहिरी, पाणी, ओहोळ असं सगळं आम्हाला मिळालं होतं. प्रत्यक्षात आमच्याकडे अशोकाची दोन झाडं आणि एक टाकी. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "काका, हे असंच लिहायचं असतं."

हे 'असंच लिहायचं असतं' फार जुनं आहे. आपल्याकडच्या इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी यादी येते आणि 'यावच्चंद्रदिवाकरौ' येतं. लिहिणाऱ्या कारकुनाने तो निधी कधी खणून पाहिलेला नसतो. इंग्लंडचे कारकूनही याच जातीचे. त्यांच्या अशाच एका ठराविक वाक्यात एकेकाळी अख्खी मुंबई बसवली गेली होती.

23 जून 1661 च्या तहाने पोर्तुगालच्या राजाने आपली बहीण कॅथरिन इंग्लंडच्या राजा दुसऱ्या चार्ल्सला देताना मुंबई आंदण दिली. चार्ल्सला हे बेट परवडेना. 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. खंड ठरला वर्षाला दहा पौंड, सोन्यात, दर 30 सप्टेंबरला. आणि पुढे ते वाक्य: कंपनीने मुंबई धारण करायची ती केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिचच्या मॅनरची जमीन म्हणून, 'फ्री अँड कॉमन सॉकेज' पद्धतीने. म्हणजे माझगाव, परळ, वरळी ही कायद्याच्या लेखी लंडनजवळच्या एका वाड्याची शेतं झाली.

मॅनर म्हणजे सरदाराचा वाडा, त्याची शेतं, त्याची कुळं आणि कुळांचे तंटे तोडणारी त्याची कचेरी. ईस्ट ग्रिनिचचा वाडा पंधराव्या शतकात हम्फ्रीकडे होता. हा ग्लॉस्टरचा ड्यूक, पाचव्या हेन्रीचा भाऊ, बाल राजा सहाव्या हेन्रीचा चुलता. 1433 मध्ये त्याने तिथली दोनशे एकर जमीन कुंपणात घ्यायची परवानगी मिळवली. आजचं ग्रिनिच पार्क ते हेच. गृहस्थ ग्रंथवेडा होता, ऑक्सफर्डला त्याने शेकडो हस्तलिखितं दिली. पण दरबारी राजकारणाने त्याला खाल्लं. 1441 मध्ये बायको एलिनॉरवर चेटकाचा खटला झाला आणि तिला जन्मभर कैद मिळाली. 1447 मध्ये त्याला स्वतःलाच राजद्रोहाच्या आरोपावरून धरलं आणि काही दिवसांत तो कैदेतच मेला. वाडा सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट हिच्याकडे गेला, मग ट्यूडर राजांचा आवडता झाला. आठव्या हेन्रीचा जन्म तिथलाच.

आता खरी गोम. राजाकडून थेट लष्करी चाकरीवर जमीन घेणं इंग्लंडमध्ये मानाचं होतं, पण महागात पडे. जमीनदार मेला आणि वारस अज्ञान असला, की तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न राजाच्या खिशात. त्या पोराचं लग्न कुणाशी लावायचं तेही राजा ठरवणार, आणि तो हक्क चक्क विकणार! आपल्या सरंजामदारांनाही सरकारचा जाच होता, पण सोयरीक विकायची कल्पना काही त्यांच्या धन्यांना सुचली नाही. सॉकेजमध्ये ही भानगड नव्हती. ठरलेला खंड भरा आणि सुखाने राहा. म्हणून सोळाव्या शतकाच्या मध्यापासून मठांच्या जप्त जमिनी विकताना राजाच्या वकिलांनी पळवाट काढली. जमीन राजमुकुटाकडून घेतली असं म्हणायचं नाही, राजाच्या एखाद्या वाड्याकडून घेतली असं म्हणायचं. त्यासाठी ईस्ट ग्रिनिचचं नाव रुळलं.

मग ते वाक्य गलबतात बसून समुद्रापार गेलं. 1606 च्या व्हर्जिनियाच्या सनदेत ते आहे, 1629 च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत आहे. गंमत अशी की 1660 मध्ये पार्लमेंटने लष्करी चाकरीची ती पद्धतच मोडून टाकली होती. ज्या जाचातून सुटायला पळवाट काढली तो जाच संपला, पळवाट मात्र राहिली आणि आठ वर्षांनी मुंबईला येऊन पोचली.

मुंबईला, पण आम्हाला नाही. आमचं मुलुंड ज्या साष्टी बेटावर आहे, तेही आपल्याला मिळालं असं इंग्रजांचं म्हणणं होतं. पोर्तुगीजांनी ते साफ धुडकावलं आणि 1665 च्या फेब्रुवारीत इंग्रजांचा प्रतिनिधी हम्फ्री कुक याच्या हाती फक्त मुंबईचं बेट ठेवलं. (पुन्हा एक हम्फ्री!) माहीमच्या खाडीशी ग्रिनिचची हद्द संपली. सनदेत असंही होतं, की मुंबईत जन्मलेला माणूस इंग्लंडात जन्मल्यासारखाच राजाचा प्रजाजन. माहीमला जन्मलेलं पोर या हिशेबाने इंग्रज, आणि खाडीपलीकडे वांद्र्याचं पोर्तुगालच्या राजाचं.

साष्टीला दस्ताची वाक्यं नव्हती असं नाही. शिलाहार राजा अपरादित्याच्या 1187 च्या परळच्या शिलालेखात साष्टीतल्या एका गावच्या उत्पन्नाचं दान आहे. लेख संस्कृतात, पण दान मोडणाऱ्याला घातलेली गाढवाची शिवी मात्र स्वच्छ मराठीत. शिवी लोकांना कळली पाहिजे ना! ग्रिनिचच्या वाक्यापेक्षा हे वाक्य मला जास्त प्रामाणिक वाटतं.

1737 मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून जिंकली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. तोवर ग्रिनिचची गरज उरली नव्हती. इथे आली खोती, म्हणजे गावाच्या वसुलीचा मक्ता. पवई पारशी व्यापारी फ्रामजी कावसजींकडे गेली. तिथले आंबे त्यांनी 1838 मध्ये राणी व्हिक्टोरियाला धाडले. साष्टीतून राजघराण्याकडे गेलेला हा नजराणा दहा पौंडांपेक्षा नक्कीच गोड होता. साष्टीतल्या अशा इस्टेटींची महसूलमाफी काढून घेणारा कायदा 1951 मध्ये झाला.

खाडीची रेघ मात्र पुसली गेली नाही. 1 ऑक्टोबर 1990 ला मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा शहराची हद्द पुन्हा माहीमलाच थांबली, आणि वांद्र्यापासून आमचा जिल्हा सुरू झाला.