सामाईक विहीर

५ जून २०१७. रमजान चालू होता. सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले, अबू समराची हद्द बंद झाली. दोह्यातल्या दुकानांत दुधासाठी लागलेल्या रांगा आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. ट्रॉली धरून उभा असताना मनात आलं, अरे, ही तर आपली भाऊबंदकी!

तीनच आठवडे आधी, १६ मे रोजी, जॉर्डनमधल्या अल्लान इथे 'सेसमी' या सिंक्रोट्रॉनचं उद्घाटन झालं होतं. सदस्य कोण? इराण आणि इस्रायल, तुर्कस्तान आणि सायप्रस. शिवाय इजिप्त, जॉर्डन, पॅलेस्टाइन, पाकिस्तान. कतार त्यात नव्हता. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी एका यंत्रापाशी आली, कारण ते एकेकट्याला परवडणारं नव्हतं. प्रथिनाचा रेणू कसा घडलाय हे समजलं, तर त्यात नेमकं बसणारं औषध शोधता येतं. त्यासाठी प्रथिनाच्या स्फटिकावर अतिप्रखर क्ष-किरण सोडावे लागतात, आणि ते देणारं १३३ मीटर घेराचं कडं काही प्रत्येक विद्यापीठाच्या अंगणात मावत नाही.

आमच्या गावीही चुलत्यांची सामाईक विहीर होती. दोन घरांत बोलणं बंद, कोर्टात दावा. पण पाण्याची पाळी कुणी मोडली नाही.

१९९७ साली बर्लिनचं जुनं यंत्र मोडीत निघणार होतं, ते मध्यपूर्वेला द्यावं अशी सूचना पुढे आली. २००४ साली युनेस्कोच्या छत्राखाली संस्था उभी राहिली. सुरुवातीचा वेगवर्धक बर्लिनचा, मुख्य कडं मात्र नवं. सेसमीच्या कामात असलेले इराणचे मसूद अलीमोहम्मदी आणि माजिद शहरियारी २०१० साली तेहरानमध्ये मारले गेले. तरी इराणने अंग काढून घेतलं नाही. मूळ आराखड्यात प्रथिनांसाठीही किरणवाट होती. २०१७ साली सुरू झालेल्या वाटांत मात्र ती नव्हती.

आपल्याकडे ती आहे, आणि तीही होळकरांच्या इंदुरात! तिथल्या 'इंडस-२'वर भाभा अणुसंशोधन केंद्राने ही वाट बांधली. देशभरातल्या संशोधकांनी अर्ज करायचा आणि पाळीची वाट पाहायची. पुण्यात पीएचडी करणारी माझी भाची वर्षभराच्या खटपटीनंतर मिळालेले चार स्फटिक द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपत तिथे गेली. पहिले तीन वाया गेले. पाळी संपत आली होती. पुढचा नंबर हैदराबादच्या मुलाचा.

पहाटे तिचा फोन आला. "मामा, चौथा लागला! त्या मुलाने त्याच्यातला एक तास मला दिला."